पुरेसे सर आणि मूळ तारखा

टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक क्लास चालतो. तिथे गणिताचे एक सर आहेत, त्यांना उत्तर सांगितलेलं चालत नाही. एखादा उत्साही मुलगा हात वर करून "सर, सात आलं!" म्हणाला की सर खडू खाली ठेवतात आणि शांतपणे विचारतात, "तुला कुणी विचारलं होतं?"

त्यांचा दोष नाही, विषयच तसा आहे. व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेत डेटा सफिशियन्सी नावाचा एक प्रकार असतो. एक प्रश्न आणि खाली दोन विधानं. प्रश्न सोडवायचा नसतो. उत्तर काढायला पहिलं विधान एकटं पुरतं का, दुसरं एकटं पुरतं का, की दोन्ही लागतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, एवढंच सांगायचं. उत्तर काढत बसलेला माणूस वेळ घालवतो आणि मार खातो. म्हणून वर्गाचा निरोप घेताना सर दरवेळी म्हणतात, "उत्तर घरी बघा."

मुलांनी त्यांचं नाव पुरेसे सर ठेवलं आहे. सरांना ते माहीत आहे. त्यांच्या मते नाव अचूक आहे.

क्लासमध्ये येण्याआधी सर एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर होते. कुणाचं काय जळलं, काय बुडालं, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. आलेल्या कागदांवरून निर्णय घेता येईल का, एवढंच ते बघत. निर्णय पलीकडच्या टेबलावर व्हायचा. म्हणजे जन्मभर त्यांनी डेटा सफिशियन्सीच केली, फक्त तेव्हा तिला नोकरी म्हणत असत.

या विषयातही सरांचा खास जीव मूळ संख्यांवर. एक आणि स्वतः यांच्याशिवाय कुणानेच भाग न जाणाऱ्या या संख्या. त्यांच्यावरचे प्रश्न साळसूद दिसतात आणि हटकून पाय ओढतात. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सर फळ्यावर लिहितात: क ही मूळ संख्या आहे, क किती? विधान एक, क सम आहे. विधान दोन, क वीसपेक्षा लहान आहे. निम्मा वर्ग म्हणतो, दोन्ही मिळूनही अपुरं. मग सर आवाज खाली आणतात. "सम आणि मूळ अशी एकच आहे. दोन. सगळ्या कुटुंबात तेवढीच एक वाकड्या वाटेची, आणि तुम्ही तिलाच विसरलात. पहिलं एकटं पुरेसं. दुसऱ्याला घरी पाठवा."

दुसऱ्या दिवशी येतो तो प्रश्न: न हा पूर्णांक चोवीस आणि अठ्ठावीस यांच्या मध्ये आहे, न मूळ आहे का? पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, तिघेही नाहीत. पोरं म्हणतात, मूळ नाही, म्हणजे अपुरं. इथे सर खरे चिडतात. "नक्की नाही, हे उत्तरच आहे! नकार मिळाला म्हणजे माहिती कमी पडली असं नसतं. उलट भरपूर झाली."

शिकवण्याची त्यांची एक पद्धत आहे. फळ्याच्या वर दोन खिळे आहेत आणि सरांच्या खांद्यावर एक जाडसर टॉवेल असतो. पहिलं विधान तपासताना टॉवेल दुसऱ्यावर टांगायचा, दुसरं तपासताना पहिल्यावर. कारण मुलं पहिल्यातली माहिती नकळत खिशात घालून दुसऱ्याकडे जातात. "जे झाकलं ते तुम्हाला माहीतच नाही," सर म्हणतात. "आणि बाहेरची माहिती तर खाली पायपुसण्यावर ठेवून यायची." शेवटी टॉवेल काढायचा, दोन्ही एकत्र बघायची आणि योग्य पर्यायाला खडूने गोल करायचा. एकदा केलेला गोल सर कधी पुसत नाहीत.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण अशी, की टॉवेल सरांबरोबर घरीही जायचा.

घरी सरांची बायको आणि एकुलती मुलगी. बायको दाताच्या दवाखान्यात स्वागताला बसते. डॉक्टर अजून आंघोळ करत असताना "निघालेत, पाचच मिनिटं" असं हसून सांगणं हे तिचं रोजचं काम, आणि त्यात ती तरबेज आहे. मुलगी सरांच्याच क्लासमध्ये, शेवटच्या बाकावर, खिडकीशी. प्रवेश परीक्षा एकोणतीस तारखेला होती आणि ती पहिल्या झटक्यात पास होणार याबद्दल सरांच्या मनात शंका नव्हती. वर्गभर तिचे डोळे कसे लागलेले असायचे!

डोळे लागलेले होते, पण फळ्याच्या बाजूला नव्हते. खिडकीतून रस्त्यापलीकडचं बांधकाम दिसायचं, आणि त्याच्या डोक्यावर एक उंच पिवळी क्रेन. तिच्या केबिनमध्ये एक माणूस बसायचा आणि बोटभर दांडा हलवून खोलीएवढा भार हव्या त्या ठिकाणी, हवा तेवढा हलकेच ठेवायचा. मुलीने एक दिवस टायरच्या दुकानापाशी चहा पिताना त्या क्रेनवाल्याला गाठलं. त्याने गावाबाहेरच्या क्रेन शाळेचा पत्ता दिला. महिन्याभरात ती तिथे सरावाला जाऊ लागली.

शाळेत सरावाचे दिवस आपले आपण निवडायचे होते. तिने मूळ तारखा निवडल्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, अशा थेट एकतीसपर्यंत. बापाच्या नाकाखाली बापाच्याच लाडक्या संख्या वापरायच्या, यात तिला कोण मजा वाटली. आईला कटात घेणं भाग होतं, आणि तिथे घोळ झाला.

"दोनला कशी जातेस? दोन तर सम आहे," आई म्हणाली.

"आई, तीच तर एक सम असते त्यात."

"आणि एकला?"

"एक मूळ नाही."

"का नाही? एवढी साधी तर आहे बिचारी."

"आई, तू फक्त मी घरी नसले की अभ्यासिकेत गेलीय म्हणून सांग. गणित करू नकोस."

पण आईने गणित केलं. नऊ तारखेला सकाळी सरांनी विचारलं, "कार्टी कुठाय?" आईला नऊ मूळच वाटला. "अभ्यासिकेत गेली," ती दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली.

"मग बाथरूममध्ये कोण गातंय?"

"रेडिओ."

"बाथरूममध्ये?"

"काल नेला तिने आत. राहिला असेल."

तेवढ्यात रेडिओ ओल्या केसांनी बाहेर आला. आईची पापणीही हलली नाही. "आलीस?" ती म्हणाली. "आज लवकर सोडलं वाटतं."

सरांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं, "माहिती अपुरी," असं म्हणाले आणि पेपर उघडला. एवढ्या वर्षांच्या सवयीने त्यांचा संशय त्यांनीच झाकून ठेवला.

महिना सरत आला तशी मुलगी गंभीर झाली. क्रेन शाळेची शेवटची चाचणीही एकोणतीसलाच निघाली. पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप उचलायचं, खांबांच्या मधून वळवत न्यायचं आणि न सांडता ठेवायचं; फार तर थोड्याशा पाण्याची मुभा. त्यात उतरली तर मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये शिकाऊ म्हणून जागा; नाही गेली तर पुढची चाचणी वर्षाने. आणि एकोणतीसला सर नेहमीप्रमाणे क्लासच्या सगळ्या मुलांना परीक्षेच्या हॉलच्या दारापर्यंत सोडायला जाणार होते. तिथे रेडिओ चालला नसता. शिवाय सराव चोरून केला तो केला, केबिनमध्ये मात्र बापाला सांगूनच चढायचं, असं तिने ठरवलं होतं.

तिने सांगून बघितलं. एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मला ते व्यवस्थापन करायचं नाहीये."

सर टॉवेलने चष्मा पुसत होते. "हे झालं एक विधान. यावरून काही ठरत नाही. अपुरं. दुसरं असेल तर घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती दुसरं घेऊन आली. "बाबा, मला क्रेन आवडते."

"मलाही आवडते," सर म्हणाले. "छानच यंत्र आहे. पण एकट्या एवढ्यावरून काय ठरणार? अपुरं."

"काल एक सांगितलं होतं ना, त्याच्याबरोबर बघा की."

"काल काय होतं?" सरांनी विचारलं, आणि ते खरंच आठवत नव्हतं. जे झाकलं ते माहीत नाही.

मुलगी स्वयंपाकघरात गेली. "आई, हा माणूस दोन गोष्टी एकत्र फक्त फळ्यावर बघतो."

"मग फळ्यावर दाखव," आई म्हणाली. "मला कशाला सांगतेस?"

दर शनिवारी क्लासमध्ये उलटा तास असतो. त्या दिवशी मुलं प्रश्न रचतात आणि सर सगळ्यांसमोर सोडवतात. सर हरले तर पुढच्या आठवड्याचा गृहपाठ माफ. आजवर तो कधी माफ झालेला नाही. एकोणतीसच्या आधीच्या शनिवारी शेवटच्या बाकावरून मुलगी उठली आणि फळ्यावर वळणदार अक्षरात लिहून गेली.

प्रश्न: परीक्षेच्या दिवशी मुलगी परीक्षेच्या हॉलमध्ये असेल का?

विधान एक: परीक्षेची तारीख वीसपेक्षा मोठी मूळ संख्या आहे आणि तिच्या अंकांची बेरीजही मूळ आहे.

विधान दोन: महिन्यातल्या प्रत्येक मूळ तारखेला मुलगी दिवसभर क्रेनवर असते.

सरांचे डोळे चमकले. गणितातली माणसं वाट्टेल ते करत असतात. कुणी एका नळाने टाकी भरतो आणि दुसऱ्याने रिकामी करतो, कुणी ताशी ठरलेल्या वेगाने उगाचच एकमेकांकडे चालत येतात. तेव्हा क्रेनवर बसणाऱ्या मुलीचं सरांना काहीच वाटलं नाही. त्यांनी टॉवेल दुसऱ्या विधानावर टांगला.

"वीसच्या पुढे महिन्यात मूळ किती? तेवीस, एकोणतीस, एकतीस. एकतीसच्या अंकांची बेरीज चार, तो गेला. उरले तेवीस आणि एकोणतीस."

"सर, परीक्षा एकोणतीसलाच आहे की!" पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला.

"कुठे लिहिलंय? बाहेरची माहिती! जा, पायपुसण्यावर ठेवून ये." वर्ग हसला. "तारीख तेवीस असो की एकोणतीस, त्या दिवशी मुलगी कुठे असते याचा इथे पत्ता नाही. अपुरं." टॉवेल पहिल्यावर गेला. "आता हे. मूळ तारखेला मुलगी क्रेनवर. बरं. पण परीक्षा मूळ तारखेला आहे असं कोण म्हणतंय? कुणीच नाही. हेही अपुरं."

त्यांनी टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि दोन पावलं मागे सरकले. शेवटच्या बाकावर मुलगी वही घट्ट धरून बसली होती.

"आता बघा गंमत. तारीख दोनपैकी कुठली, ते अजूनही कळलेलं नाही. कळायची गरजही नाही! दोन्ही मूळ आहेत. मूळ तारखेला मुलगी कुठे, ते दिलंय. म्हणजे उत्तर पक्कं झालं, तारीख न ठरता! दोन्ही मिळून पुरेसं." खडूचा गोल करकरला. "हे कुणी रचलं? तू? शाब्बास. बऱ्याच वर्षांत इतका स्वच्छ प्रश्न बघितला नाही."

"सर, मग असेल की नसेल?" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"उत्तर घरी बघा," सर म्हणाले आणि तास सुटला.

खाली टायरच्या दुकानापाशी स्टुलावर बसून सर चहा पीत होते. मन प्रसन्न होतं. समोर क्रेन सावकाश वळत होती. सर तिच्याकडे सहज बघत होते. काय छान प्रश्न. मुलगी, क्रेन, मूळ तारीख. छानच यंत्र आहे, असं आपण परवा कुणाला तरी म्हणालो. कुणाला बरं?

कप ओठांपाशी थांबला. मग एकेक करून टॉवेल पडायला लागले. मला व्यवस्थापन करायचं नाहीये. मला क्रेन आवडते. सात तारखेला तिच्या बाहीवर लागलेलं ग्रीस, जे अभ्यासिकेत कुठून आलं हे त्यांनी विचारलं नव्हतं. आणि बाथरूममधला रेडिओ. नऊ! नऊ मूळ नाही. म्हणून ती घरी होती.

चहा सरांच्या पँटवर सांडला. टायरवाला फडकं घेऊन धावला, पण सर तोवर जिना चढत होते.

मुलगी वर एकटीच बसून होती. वाट बघत.

"ही मुलगी कोण?" सरांनी फळ्याकडे बोट केलं.

"प्रश्नात दिलेलं नाही, सर."

"मी सर म्हणून विचारत नाहीये."

"मग मी आहे, बाबा."

सरांनी डस्टर उचललं. गोलापाशी नेलं. मग गोलाकडे बघत उभे राहिले. आधी त्यांनी त्यात खोट शोधून पाहिली. "हॉल क्रेनच्या केबिनमध्येच असेल तर?"

"बाबा."

"कल्पना कर."

"बाहेरची माहिती."

"मला सरळ का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. दोन दिवस लागोपाठ. तुम्ही दोन्ही वेळा अपुरं म्हणालात."

सरांनी डस्टर जागेवर ठेवलं. गोल तसाच राहिला. "आईला माहीत आहे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता घरी निघाले.

घरी बायको भांडी विसळत होती. "तुला माहीत होतं?"

"कुठल्या तारखेपासून विचारताय?" ती म्हणाली.

पुढचे दिवस सर कुणाशीच धड बोलले नाहीत. मुलगी सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि संध्याकाळी पुन्हा. हो नाही आणि नाहीही नाही. आयुष्यभर पलीकडच्या टेबलावर सरकवलेला निर्णय पहिल्यांदाच त्यांच्या टेबलावर येऊन बसला होता, आणि पलीकडे टेबलच नव्हतं. "त्यांना सवय नाही गं," आई मुलीला म्हणाली. "वेळ दे."

सरांनी मधल्या काळात एकच काम केलं. टायरच्या दुकानापाशी त्या क्रेनवाल्याला गाठलं.

"वर वारा सुटला तर?"

"काम थांबवायचं आणि खाली यायचं."

"वीज गेली तर?"

"बसून राहायचं. येते."

"भीती वाटली तर?"

क्रेनवाल्याने बिस्किट चहात बुडवलं. "वाटतेच. म्हणून तर हळू चालवतो."

"एवढंच?"

"एवढं पुरतं, सर."

हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सरांना सवय नव्हती.

एकोणतीसच्या सकाळी तिघंही चहाला बसले होते. मुलगी कपाला हात लावत नव्हती. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खांद्यावर टॉवेल होता. त्यांनी घसा साफ केला.

"प्रश्न," ते म्हणाले. "या घरातला मूर्ख कोण, हे ठरवता येईल का? विधान एक: हिच्या आईला नऊ मूळ आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. विधान दोन: तरी तिने महिनाभर मला बनवलं."

बायकोने पावाला लोणी लावता लावता क्षणभर विचार केला. "पहिलं कशाला हवंय? दुसरं एकटं पुरेसं."

मुलगी आधी हसली नाही. तिने बापाकडे बघितलं. सर टॉवेलने तोंड पुसत होते, पुसायला काही नसताना.

"बरोबर आहे," सर म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "तू हो पुढे. मी पोरांना हॉलवर सोडतो आणि येतो तिकडे. मी आल्याशिवाय वर चढू नकोस."

"म्हणजे जाऊ?"

"आता हेही फळ्यावर लिहू का?"

क्रेन शाळेच्या मैदानात सर धापा टाकत पोचले तेव्हा मुलीची पाळी जवळ आली होती. शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यांना पिवळ्या दोरीमागे उभं केलं. क्रेनने पिंप उचललं. ते हलत हलत वर गेलं, वळलं, पहिल्या खांबापाशी आलं. सरांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि स्वतःच्या तोंडावर धरला.

"अहो, बघा की," मास्तर म्हणाले. "चांगलं नेतेय."

"तुम्ही बघा. मी एकत्रच बघेन."

टॉवेलच्या आतून त्यांना फक्त दोरखंडाचा आवाज ऐकू येत होता. मग पिंप जमिनीला टेकल्याचा, अगदी हलका. मास्तर पट्टी घेऊन पाण्याची पातळी मोजायला वाकले. थोडं सांडलं होतं, पण मुभेच्या आत. त्यांनी वर केबिनकडे अंगठा दाखवला.

सरांनी टॉवेल खाली घेतला. "झाली पास?"

"झाली."

"किती सांडलं?" सरांनी विचारलं, आणि मास्तरांनी पट्टीवरचा नेमका आकडा सांगितला तो त्यांनी लक्ष देऊन ऐकून घेतला. टायरवाल्याला त्यांनी संध्याकाळी तो सांगितला, बायकोला सांगितला, क्लासच्या मालकांना दोनदा सांगितला.

मुलगी आता शहराच्या पलीकडच्या टोकाला एका मोठ्या क्रेनवर शिकाऊ आहे. सगळ्याच तारखांना जाते, त्यामुळे आईची सोय झाली. पुरेसे सर तोच विषय तसाच शिकवतात. टॉवेल तोच आहे, खिळे तेच आहेत आणि उत्तर सांगणाऱ्याला अजूनही विचारलं जातं, तुला कुणी विचारलं होतं?

फक्त दर बॅचला एका शनिवारी मुलीच्या अक्षरातला नव्हे, सरांच्या हातचा एक जुना प्रश्न फळ्यावर येतो. परीक्षेची तारीख, अंकांची बेरीज, क्रेनवरची मुलगी. सर टॉवेल टांगतात, काढतात, गोल करतात. मग पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, मग मुलगी हॉलमध्ये असेल का?"

"नाही," सर लगेच सांगतात. "ती वर होती. पाणी सांडलं ते मुभेच्या आत."

बाहेरची माहिती आहे, हे त्यांना कुणी अजून सांगितलेलं नाही.